माइल्सवर बिझनेस क्लास: तिकीट काढण्याआधी बघायचं ते अक्षर

कोकणात विमानाचे माइल्स, म्हणजे प्रवास केल्यावर एअरलाइन खात्यात जमा करते ते पॉइंट, पडून असलेली घरं पुष्कळ आहेत. खेड-मंडणगडकडचे कितीतरी जण वर्षानुवर्षं दुबई, दोहा, कुवेत करत आलेत. मालवण-देवगडकडचे बोटीवरचे लोक जहाज गाठायला आणि उतरून घरी यायला उडत असतात. माइल्स साठतात आणि एक दिवस घरात प्रश्न येतो: आईला न्यू जर्सीला लेकीकडे जायचंय, तिचे गुडघे दुखतात, पंधरा-सोळा तास पाय दुमडून बसणं तिला झेपणार नाही; मग माइल्स वापरून तिला बिझनेस क्लासमध्ये झोपून नाही का नेता येणार?

येतं. पण बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी सगळ्यात स्वस्त तिकीट काढतात आणि मग एअरलाइनला फोन लावतात, "आता हे अपग्रेड करा, इकॉनॉमीतून बिझनेसमध्ये न्या." तिकडून उत्तर येतं की या तिकिटावर अपग्रेड होत नाही. खात्यात लाखभर माइल्स असले तरी उत्तर तेच. अपग्रेड होणार की नाही हे माइल्सच्या आकड्याआधी दोन गोष्टी ठरवतात: तिकिटावरचं एक अक्षर, आणि त्या फ्लाइटमध्ये माइल्सवाल्यांसाठी सीट सोडलेली आहे की नाही. दोन्ही गोष्टी पैसे भरण्याआधी कळू शकतात.

अक्षर म्हणजे कोटा

कोकणकन्याच्या एकाच स्लीपर डब्यात जनरल कोटा असतो, तत्काळ असतो, लेडीज कोटा असतो. बर्थ तोच, पण भाडं आणि नियम वेगळे. विमानाच्या इकॉनॉमीतही तसंच आहे. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या सीटमध्ये काडीचा फरक नसतो, पण एकाचं तिकीट 'वाय' अक्षराचं असतं, दुसऱ्याचं 'क्यू'चं. या अक्षराला बुकिंग क्लास म्हणतात. 'वाय' म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी. तिथून खाली 'बी', 'एम', 'एच', 'के' असं करत स्वस्त अक्षरांकडे उतरत जायचं. खालच्या अक्षरांचा क्रम प्रत्येक एअरलाइनचा वेगळा. बिझनेस क्लासची अक्षरं बहुतेक ठिकाणी 'जे', 'सी', 'डी' अशी असतात.

स्वस्त अक्षर म्हणजे कमी हक्क. तारीख बदलायची तर दंड, रद्द केलं तर परतावा नाही किंवा नावापुरता, माइल्स कमी जमा होतात, आणि सगळ्यात तळाच्या अक्षरांवर अपग्रेड बंद. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या फ्लाइटवर इकॉनॉमीतली 'क्यू', 'ओ' आणि 'जी' ही तीन अक्षरं माइल्सने अपग्रेड होत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सचं 'इकॉनॉमी लाइट' होत नाही. आजकाल एअरलाइन या अक्षरांना नावं देऊन विकतात: लाइट, व्हॅल्यू, सेव्हर, क्लासिक, फ्लेक्स. नावावर विसंबू नका, कारण एकीचं 'सेव्हर' आणि दुसरीचं 'सेव्हर' यांचे नियम सारखे नसतात. भाडी दाखवणाऱ्या पानावर प्रत्येक भाड्याखाली 'फेअर कंडिशन्स' उघडता येतात. तिथे अपग्रेडची ओळ शोधायची आणि वाचल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

कोकणात अजून खूप तिकिटं एजंटकडून निघतात, आणि त्यात वाईट काही नाही. चांगला एजंट अडचणीच्या वेळी फोन उचलतो, वेबसाइट उचलत नाही. फक्त त्याला "स्वस्तात स्वस्त किती?" एवढंच विचारलंत तर तो तुम्हाला अपग्रेड न होणारंच अक्षर देणार. त्याला असं विचारा: "याचा बुकिंग क्लास काय? यावर माइल्सचं अपग्रेड चालतं का? चालत नसेल तर चालणारं सगळ्यात स्वस्त अक्षर केवढ्याला पडेल?" ग्रुप फेअर (उमराहचे गट, टूर कंपन्यांच्या सहली) यांवर अपग्रेड जवळजवळ कधीच बसत नाही. बोटीवरच्यांसाठी कंपनी काढते त्या मरीन फेअरचंही तसंच. त्या तिकिटावर सामान जास्त मिळतं, तारीख बदलायची सोय असते, पण अपग्रेडच्या भरवशावर राहू नका. त्या प्रवासाचे माइल्स मात्र जमा होतात का ते बघा, कारण तेही अक्षरावरच ठरतं.

ई-तिकीट हातात घेऊन

तिकीट निघालेलं असेल तर पीडीएफ उघडा. सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर सगळ्यांना ठाऊक असतो. त्याखाली कुठेतरी तेरा आकडी तिकीट नंबर असतो. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या एअरलाइनने दिलं ते सांगतात: ०९८ असेल तर एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार एअरवेज, १२५ ब्रिटिश एअरवेज, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. हे आकडे महत्त्वाचे, कारण तिकीट एकीचं आणि विमान दुसरीचं अशी भानगड वारंवार होते. फ्लाइट नंबरखाली बारीक अक्षरांत 'ऑपरेटेड बाय' लिहिलेलं असेल तर विमान त्या दुसऱ्या कंपनीचं आहे. अशा कोडशेअर तिकिटावर माइल्सचं अपग्रेड सहसा अडतं. पहिली म्हणते सीट आमच्या हातात नाही, दुसरी म्हणते तिकीट आमचं नाही.

मग फ्लाइटची ओळ बघा. 'इकॉनॉमी' या शब्दाच्या शेजारी एकच सुटं अक्षर असतं, तो तुमचा बुकिंग क्लास. ते सापडलं नाही तर 'फेअर बेसिस' नावाखाली अक्षर-आकड्यांची एक लांब माळ असते, तिचं पहिलं अक्षर बहुधा तेच असतं. जाण्याचं अक्षर एक आणि येण्याचं दुसरं असूही शकतं. दोन्ही वेगवेगळी तपासा.

तिकिटावरचं नावही इथेच पडताळून घ्या, कारण आपल्याकडे गोंधळ नेमका तिथे होतो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. माइल्सचं खातं मात्र कधीतरी घाईत फोनवरून उघडलेलं, त्यात नुसतं नाव आणि आडनाव, किंवा लग्नाआधीचं आडनाव. नाव जुळलं नाही की प्रवासाचे माइल्स खात्यात चढत नाहीत. खात्यातलं नाव बदलायला पासपोर्टची प्रत पाठवावी लागते आणि त्यात दिवस जातात. हे काम प्रवास ठरण्याआधीच उरकून ठेवलेलं बरं.

कोणाचे माइल्स, कोणाचं विमान

साधा नियम असा की ज्या एअरलाइनमध्ये अपग्रेड हवंय, तिचेच माइल्स लागतात. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या एअरलाइनच्या गटात आहे, लुफ्तान्सा आणि सिंगापूर एअरलाइन्सही त्याच गटात. त्यामुळे एकीचे माइल्स वापरून दुसरीचं आख्खं तिकीट काढता येतं. दुसरीच्या तिकिटावर अपग्रेड मात्र साधारणपणे पूर्ण भाड्याच्या महाग अक्षरांवरच मिळतं, आणि एवढं महाग इकॉनॉमी तिकीट काढण्यात सहसा अर्थ नसतो. जुन्या विस्ताराच्या खात्याचं काय झालं असंही लोक विचारतात. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, आणि तिचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब या माइल्स योजनेत वर्ग झाले.

आखातातल्यांसाठी सगळ्यात उपयोगी सोय म्हणजे घरच्यांचं एकत्र खातं. एमिरेट्स आणि कतार दोन्हीकडे 'माय फॅमिली' नावाने ती आहे. दुबईतल्या मुलाचे, सुनेचे, नातवाचे माइल्स एका जागी साठतात आणि ते आईच्या तिकिटावर वापरता येतात. हे न करता चौघांच्या चार खात्यांत थोडे थोडे माइल्स ठेवले तर कुठल्याच खात्यातून काही होत नाही.

मुदतीकडेही लक्ष हवं. एमिरेट्सचे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी, तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटी जातात. सिंगापूरचेही तीन वर्षांनी जातात, मग मध्ये कितीही प्रवास करा. कतार आणि ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस (त्यांच्या माइल्सचं नाव) मात्र छत्तीस महिन्यांत एकदा काहीतरी कमावलं किंवा खर्चलं की टिकून राहतात. निवृत्तीनंतर वापरू म्हणून पंधरा वर्षं साठवण्याची ही चीज नाही. एअरलाइन दर वाढवते तेव्हा आधी पुरेसे असलेले माइल्स एका रात्रीत अपुरे होतात.

सीट सुटलीय का?

बिझनेस क्लासमध्ये दहा सीटा रिकाम्या दिसत असल्या तरी त्या माइल्सवर मिळतीलच असं नाही. एअरलाइन आधी पैसे देणाऱ्यांसाठी सीटा राखते आणि माइल्ससाठी थोड्याच मोकळ्या करते, तत्काळ कोट्यासारख्या मोजून. त्या संपल्या की संपल्या.

बघायचं कसं? एअरलाइनच्या साइटवर स्वतःच्या माइल्स खात्यातून लॉगिन करा, 'माइल्सने पैसे भरा' हा पर्याय निवडा, एकेरी प्रवास, बिझनेस क्लास, आणि तुमची फ्लाइट ज्या दिवशीची आहे तो दिवस. त्या फ्लाइटवर कमी दराची माइल्स सीट दिसली तर अपग्रेडची सीटही असण्याची शक्यता चांगली. दोन्ही कोटे प्रत्येक ठिकाणी एकच नसतात, म्हणून खात्री फोनवर करा: "अमुक फ्लाइट, अमुक तारीख, इकॉनॉमीच्या अमुक अक्षरातून बिझनेसमध्ये अपग्रेडला आत्ता सीट आहे का, किती माइल्स, वर किती पैसे?" उत्तर 'हो' आलं की त्याच दिवशी तिकीट काढा आणि लगेच अपग्रेड करून घ्या. मध्ये दोन दिवस गेले तर सीट दुसरा कोणी घेऊन जातो.

सीटा सुटतात दोन वेळी: तिकीटविक्री उघडते तेव्हा, म्हणजे प्रवासाच्या साधारण अकरा-बारा महिने आधी, आणि शेवटच्या काही दिवसांत, जेव्हा न विकलेल्या सीटा स्पष्ट होतात. मधल्या काळात शुकशुकाट. गणपती, मे महिना आणि डिसेंबर यांत शेवटच्या दिवसांचा भरवसा धरू नका. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात परदेशातून येणारी विमानं भरलेली असणार, पण चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत इथून बाहेर जाणारी तुलनेने मोकळी. गर्दीच्या उलट दिशेला माइल्स चालतात.

सीट नसेल तर काही एअरलाइन वेटिंग लिस्टवर घेतात. वेटिंगवर राहा, पण आईचा प्रवास त्यावर टांगून ठेवू नका. इकॉनॉमीत आइलची, म्हणजे वाटेकडची, सीट आधीच घेऊन ठेवा. आणि व्हीलचेअर मात्र मागायला विसरू नका. ती इकॉनॉमीच्या तिकिटावरही मिळते, त्यासाठी बिझनेस क्लास लागत नाही. बुकिंग करतानाच सांगून ठेवा.

हिशेब

समजा एकेरी प्रवासाचे दर असे आहेत. सगळ्यात स्वस्त इकॉनॉमी ३८,००० रुपये, त्यावर अपग्रेड नाही. अपग्रेड चालणारी इकॉनॉमी ४७,०००. अपग्रेडला ५५,००० माइल्स आणि वर ८,००० रुपये कर व सरचार्ज. म्हणजे खिशातून ५५,००० रुपये आणि खात्यातून ५५,००० माइल्स. दुसरा मार्ग: इकॉनॉमीचं तिकीट काढायचंच नाही, थेट बिझनेसचं माइल्स तिकीट घ्यायचं. समजा त्याला ८०,००० माइल्स आणि १६,००० रुपये पडतात.

दुसऱ्या मार्गात २५,००० माइल्स जास्त गेले, पण ३९,००० रुपये वाचले. म्हणजे त्या जादा प्रत्येक माइलने दीड रुपयाहून थोडं जास्त काम केलं. खात्यात माइल्स पुरेसे असतील तर थेट तिकीटच घ्यावं. शिवाय माइल्स तिकीट रद्द केलं तर बहुधा ठरावीक फी कापून माइल्स परत येतात, तर अपग्रेड केलेल्या तिकिटाखाली तुमचं मूळ इकॉनॉमी भाडं अडकलेलं असतं. माइल्स कमी असतील, किंवा इकॉनॉमी तिकीट कंपनी देणार असेल, तर अपग्रेड बरं.

बिझनेसचं रोख भाडं १,४५,००० आहे, म्हणून आपण ९०,००० वाचवले, असा हिशेब मात्र करू नका. ते भाडं तुम्ही भरणारच नव्हतात. स्वतःला विचारायचं ते एवढंच: स्वस्त तिकिटापेक्षा १७,००० रुपये आणि ५५,००० माइल्स जास्त देऊन आई झोपून जाणार आहे, ते घराला परवडतंय का? आजारी किंवा वयस्क माणसासाठी उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. तिशीतल्या धडधाकट माणसाने ते माइल्स आईवडिलांसाठी ठेवावेत.

करांचा एक खड्डा लंडनला आहे. ब्रिटनमधून निघताना जो प्रवासी कर लागतो तो इकॉनॉमीपेक्षा वरच्या वर्गाला दुपटीहून जास्त असतो, आणि अपग्रेड केलं की फरक भरावा लागतो. भारतातून काढलेल्या बिझनेस तिकिटावरही २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, इकॉनॉमीवर ५ टक्के. म्हणून 'किती माइल्स?' या प्रश्नाला 'आणि वर किती रुपये?' हा प्रश्न कायम जोडा.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट एअरलाइनकडे वळवता येतात, पण एकदा वळवले की परत बँकेत येत नाहीत. आधी सीट पक्की दिसली पाहिजे, मगच पॉइंट वळवायचे. आणि पॉइंट खात्यात चढायला काही तासांपासून काही दिवस लागू शकतात, तेवढ्यात सीट जाऊ शकते, हा धोका धरून चाला.

कुठला टप्पा?

दोन टप्प्यांच्या प्रवासात दोन्हीकडे बिझनेस लागत नाही. मुंबई किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दोहा साधारण चार तासांच्या आत, पुढे न्यूयॉर्क चौदाच्या आसपास. माइल्स लांबच्या टप्प्यावर घाला. अपग्रेड टप्प्यावारी करता येतं का ते फोनवर विचारा, बऱ्याच ठिकाणी येतं.

सीटही बघून घ्या. बिझनेस क्लास म्हणजे सगळीकडे सारखा पलंग नव्हे. एमिरेट्सच्या जुन्या बोइंग ७७७ मध्ये रचना दोन-तीन-दोन आहे, म्हणजे बिझनेसमध्येही कोणीतरी मधल्या सीटवर अडकतो. एअर इंडियाच्या एअरबस ए३५० मध्ये एक-दोन-एक आहे, प्रत्येकाला थेट वाट मिळते. तिच्या जुन्या ७७७ मध्ये दोन-तीन-दोन आहे, तिथे खिडकीकडच्या आजोबांना रात्री उठायचं तर शेजाऱ्याला ओलांडावं लागतं. विमानात प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग) असेल तर आणखी एक अडचण: काही एअरलाइन एका वेळी एकच पायरी चढू देतात. ब्रिटिश एअरवेजमध्ये इकॉनॉमीचं अपग्रेड प्रीमियम इकॉनॉमीतच होतं, थेट पलंगापर्यंत नाही. पलंग हवा तर मूळ तिकीटच प्रीमियमचं काढावं लागतं.

घरापासून विमानापर्यंत

सिंधुदुर्गातल्या लोकांसाठी मोपा मोठी सोय आहे. कतार एअरवेजने जून २०२४ मध्ये दाबोळी सोडून तिथून सेवा सुरू केली. मोपाहून दोहामार्गे एकाच तिकिटावर गेलात तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय करणं ही एअरलाइनची जबाबदारी असते. तिकिटावर गोव्याच्या दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड वेगळे असतात: मोपा 'जीओएक्स', दाबोळी 'जीओआय'. मुंबईचंही आता तसंच, जुना विमानतळ 'बीओएम' आणि २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालेला नवी मुंबईचा 'एनएमआय'. रत्नागिरी-चिपळूणहून गाडीने येणाऱ्याला पनवेलला उतरून नवी मुंबई जवळ पडते, पण तुमचं विमान तिथूनच आहे ना, हे तीन अक्षरांवरून खात्री करून घ्या.

मुंबईपर्यंत वेगळ्या तिकिटाने किंवा रेल्वेने जात असाल तर पावसाळ्यात एक दिवस आधी पोहोचा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या मुळातच हळू धावतात, आणि घाटात दरड आली की हायवेचाही भरवसा नाही. मोठं विमान चुकलं आणि तुम्ही आधी कळवलं नसेल तर 'नो-शो' लागतो. त्यात तिकीट जातंच, अपग्रेडला घातलेले माइल्सही बहुधा जातात. उशीर होणार हे कळल्याबरोबर, विमान सुटायच्या आत, एअरलाइनला फोन करा.

अपग्रेड झाल्यावर नवीन ई-तिकीट मागून घ्या. त्यावर बिझनेसचं अक्षर छापलेलं दिसलं पाहिजे, नुसता 'रिक्वेस्टेड' असा शेरा उपयोगाचा नाही. सामानाची मर्यादा त्याच कागदावर वाचा, कारण काही एअरलाइन अपग्रेडनंतर बिझनेसचं सामान देतात, काही मूळ तिकिटाचंच. कोकम, काजू आणि पापडांच्या पेट्या बांधायच्या त्या हे वाचूनच.

प्रवास संपल्यावर या प्रवासाचे माइल्स सहसा मूळ इकॉनॉमी अक्षराच्या हिशेबाने मिळतात, बिझनेसच्या नाही. ते खात्यात चढेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. दोन आठवड्यांत चढले नाहीत तर साइटवरच्या 'मिसिंग माइल्स' अर्जात तेरा आकडी तिकीट नंबर टाकून दावा करा. बऱ्याच एअरलाइनकडे ही मुदत सहा महिन्यांची असते.